गुरी मोएनचं माहेर

आर्डिस मोएन यांच्या घरी मी राहायला गेले ती नाइलाजानं. पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं, अपार्टमेंटमधल्या बाकी दोघी डिग्री घेऊन टेक्सासमध्ये प्लेनोला नोकरीवर रुजू झाल्या होत्या आणि लीज संपत आली होती. डिपार्टमेंटच्या नोटिस बोर्डावर हातानं लिहिलेला एक कागद दिसला. ‘वरच्या मजल्यावरची खोली. शांत माणूस हवं. स्वयंपाकाच्या वासाबद्दल तक्रार नाही.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी मी फोन केला.

आर्डिस तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती, तीही पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज या गावाच्या आसपासच्या डोंगरातल्या रस्त्यांवर, आणि बर्फात एकदाही गाडी रस्त्याखाली गेली नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. लग्न केलेलं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं तरी काठी घ्यायला तयार नव्हत्या. "मिस मोएन वगैरे नको, आर्डिस म्हण," म्हणाल्या. तोंडावर मी तसंच म्हणायचे. पण मराठीत त्यांच्याबद्दल एकेरी बोलणं मला कधी जमलं नाही.

मी अस्मिता, सांगलीची. तिथं सिव्हिल इंजिनियरिंग करून इकडे आले आणि पाच वर्षं नद्यांच्या तळाशी साठणाऱ्या गाळावर काम करत होते. ते ऐकून आर्डिस खूश झाल्या.

"म्हणजे तू चिखलात जुन्या गोष्टी शोधतेस. मग तुला माझं टेबल आवडेल."

टेबल जेवणाचं होतं, आठ माणसांचं, पण जेवायला जागा जेमतेम दोघांपुरती. बाकी सगळीकडे फायली, झेरॉक्स, जहाजांच्या प्रवाशांच्या याद्या, भिंग. अकरा वर्षांचा तो पसारा एका बाईपायी होता. गुरी मोएन, आर्डिसच्या वडिलांची आई.

तिची गोष्ट आर्डिसनी मला पहिल्या रविवारी बटाटे सोलता सोलता सांगितली.

"गुरी नॉर्वेहून १९०४ साली ब्रुकलिनला आली, वीस वर्षांची. लाँड्रीत कामाला लागली. टोर्केल मोएन नावाच्या सुताराशी लग्न केलं. तोही नॉर्वेचाच, गोदीत काम करायचा. १९०७ मध्ये माझे वडील जन्मले, सेल्मर. ते दोन वर्षांचे असताना एक दिवस ती बोटीत बसली आणि नॉर्वेला परत गेली. मुलाला इथंच ठेवून. पुन्हा आली नाही, कधी एक पत्र नाही. वडिलांना त्यांच्या आत्यानं वाढवलं, बर्तानं. ती सांगायची, तुझ्या आईला अमेरिका झेपली नाही, पळून गेली."

"आणि तुमचे वडील काय म्हणायचे?"

आर्डिसचा हात थांबला. "एकच वाक्य. ‘तिनं सोडून दिलं.’ नेमकं काय सोडलं, ते मात्र सांगितलं नाही कधी. इथून साडेतीन तासांवरच्या एरी शहरात कारखान्यात चाळीस वर्षं काम केलं त्यांनी. अंगात ताप असला तरी जायचे. आजारी आहे म्हणून घरी बसलेल्या माणसाचा त्यांना भयंकर राग यायचा."

त्या पुन्हा बटाट्याकडे वळल्या. मी मात्र त्या वाक्याशी अडकले, कारण त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला होकार कळवला होता. कृष्णेच्या खोऱ्यातच काम होतं, मला हवं होतं तसं. पण प्लेनोहून माझ्या जुन्या रूममेटचा, शरयूचा फोन आला, "यार अस्मिता, सिरियसली? इतकं करून परत? दोन-तीन वर्षं तरी जॉब कर ना इथं, मग जा." बाबा सांगलीहून काही स्पष्ट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "लोक विचारतील गं, तिकडे काही जमलं नाही का म्हणून." मी आर्डिसना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

हळूहळू मला त्या टेबलाची सवय झाली. लॅबमधून आले की चहा घेऊन तिथं बसायचे. आर्डिस शोधायच्या कशा, ते बघण्यासारखं होतं. कॉम्प्युटर त्या अडुसष्टाव्या वर्षी शिकल्या होत्या. नॉर्वेजियन भाषा येत नव्हती, पण वहीत त्यांनी दोनशेक शब्द उतरवून पाठ केले होते: जन्म, मृत्यू, विवाहित, विधवा, मुलगी, शेत. नॉर्वे सरकारनं जुन्या जनगणनेची पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांत ‘गुरी मोएन’ हे नाव त्यांनी हरप्रकारे शोधलं होतं, स्पेलिंग बदलून बदलून. सापडल्या त्या सगळ्या दुसऱ्याच गुरी, एक तान्ही, एक ऐंशी वर्षांची, एक जन्मात गाव न सोडलेली.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी ब्रुकलिनच्या चर्चमधला लग्नाचा दाखला माझ्या हाती आला. वर टोर्केल मोएन, वधू गुरी नील्सन. जन्म ३ ऑक्टोबर १८८४. वडिलांचं नाव नील्स.

"हिचं आडनाव नील्सन होतं?"

"लग्नाआधी. पण परत गेली तेव्हा ती मिसेस मोएन होती."

"आर्डिस, ती परत गेली म्हणजे कुणाकडे गेली?"

"आईवडिलांकडे, बहुतेक. दुसरीकडे कुठं जाणार?"

मग मी त्यांना माझ्या आईचं उदाहरण दिलं. आईचं नाव शोभा. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, मधलं नावही बदललं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं आलं. पण ती तिच्या गावी गेली की तिला या नव्या नावानं कुणीच ओळखत नाही. तिथं ती अजून ‘नीळकंठरावांची शोभा’. गावातल्या कुणाला यादी करायला सांगितली तर तो तेच नाव लिहील.

"शिवाय नील्सन म्हणजे नील्सचा मुलगा," मी म्हणाले. "तुमच्याच वहीत लिहिलंय. मुलीला ते लागेलच कसं? ते इथल्या कारकुनानं केलेलं असणार. तिकडे ती नील्सडॅटर असेल, नील्सची मुलगी. आणि पुढं शेताचं नाव, ज्या शेतावर राहते त्याचं. आमच्याकडे नाही का, गावावरून आडनावं? तुमच्याकडे शेत बदललं की आडनावही बदलायचं."

आर्डिसनी वही पुढं ओढली. "बाई ज्या घरी जन्मली, त्या घराला तुमच्या भाषेत काही वेगळा शब्द आहे?"

"माहेर."

"मा-हेर." त्यांनी तो वहीत लिहून घेतला, नॉर्वेजियन शब्दांच्या खालीच. "अकरा वर्षं मी तिला सासरच्या नावानं हाका मारत होते, तर."

१९१० च्या नॉर्वेच्या जनगणनेत एक खास गोष्ट होती, ती आर्डिसना ठाऊक होती. अमेरिकेहून परतलेली माणसं इतकी झाली होती की सरकारनं त्यांच्यासाठी वेगळे रकाने ठेवले होते: कधी गेलात, कधी परतलात, अमेरिकेत शेवटी कुठं होता, काय काम करत होता. आम्ही आडनावाचा रकाना रिकामा ठेवला. गुरी, जन्म ३ ऑक्टोबर १८८४, एवढंच घातलं.

एकच नोंद आली.

गुरी नील्सडॅटर. विवाहित. अमेरिकेला गेली १९०४. परतली १९०९. शेवटचं ठिकाण ब्रुकलिन. तिथलं काम: कपडे धुणं.

आर्डिसनी टेबलावर जोरात थाप मारली, एवढ्या जोरात की भिंग खाली पडलं. मग त्या चष्मा सावरून पानाच्या वरच्या भागाकडे गेल्या. शेताचं नाव असायचं तिथं कुठल्याशा संस्थेचं नाव होतं. सतरा माणसांची यादी. आधी एक प्रमुख बाई, दोन नोकर, मग बाकीचे. गुरी चौदाव्या ओळीत. संस्थेचं नाव लांबलचक होतं, पण त्याचा पहिला अर्धा भाग कळायला कुठल्याच वहीची गरज नव्हती. टुबेर्कुलोसे.

"टीबी," आर्डिस म्हणाल्या.

आमच्या मिरजेच्या एका चुलत आजीला हाच आजार होता, पण घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. ‘तिला जरा बरं नसतं’ म्हणत, आणि तिची ताटवाटी वेगळी असे. ते मी आर्डिसना सांगितलं.

"दोन वर्षांचं मूल होतं घरात," त्या म्हणाल्या. "एका खोलीत राहत होते सगळे. राहिली असती तर..." त्या उठल्या, फायली सरळ केल्या. "म्हणजे ती तिथं मरायला गेली. बरं झालं कळलं. पुरे आता."

आणि खरंच त्यांनी ते बंद केलं. १९११ पासून पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी मी एकटीनं पाहिल्या. त्या पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या पुस्तकात गुरी नव्हती. आर्डिस म्हणाल्या, त्या काळी सगळ्यांचीच नोंद व्हायची असं नाही. ख्रिसमस आला, गेला. टेबल जवळजवळ रिकामं झालं. आम्ही समोरासमोर बसून जेवायला लागलो, आणि मला ते अजिबात आवडेना.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळपासून बर्फ पडत होता. लॅबची बस बंद. मी खोलीत थीसिस लिहायला बसले आणि कंटाळून पुन्हा त्या साइटवर गेले. गुरीला शोधायचं मनात नव्हतं. १९२० ची जनगणनाही आता खुली झाली होती. म्हटलं, ते घर तरी पुढं राहिलं का बघावं. घर सापडलं. या वेळी यादी बावीस माणसांची होती. आणि पहिल्या ओळीवर, जिथं प्रमुख बाईचं नाव असतं, तिथं लिहिलं होतं: गुरी नील्सडॅटर, व्यवस्थापिका.

मला वाटलं, दुसरी कुणी असेल. जन्मतारीख पाहिली. ३ ऑक्टोबर १८८४.

मी धावतच जिना उतरले. आर्डिस मागच्या दारातला बर्फ फावड्यानं काढत होत्या, डॉक्टरांनी नको म्हटलं असताना.

"आर्डिस! ती मेली नाही! ती तिथली हेड झाली!"

"कोण?"

"गुरी! चौदाव्या ओळीवरून पहिल्या ओळीवर आलीय!"

त्यांनी फावडं बर्फातच सोडलं. बूट न काढता आत आल्या आणि उभ्यानंच ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अस्मिता, कॉफी कर. स्ट्राँग."

त्याच दिवशी आम्ही तिथल्या स्थानिक इतिहास मंडळाला ईमेल पाठवला. पाच दिवसांनी उत्तर आलं, टोरुन नावाच्या बाईंचं. निवृत्त शिक्षिका, मंडळाचं छोटं संग्रहालय त्याच सांभाळत. उत्तर तीन ओळींचं होतं. ‘तुम्ही गुरी नील्सडॅटरच्या नात आहात हे वाचून मी खुर्चीतून उठले. तिला कुणी नातेवाईक आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. फोनवर नको, मला तुम्हाला बघायचं आहे.’

शनिवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. आर्डिसनी निळा स्वेटर घातला होता आणि केस नीट बसवले होते. पडद्यावर टोरुन दिसल्या, साठीच्या पुढच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि आर्डिसना बघताच त्यांनी तोंडावर हात ठेवला. "कपाळ तेच," त्या म्हणाल्या आणि एक फोटो समोर धरला. पांढरा अ‍ॅप्रन घातलेली एक उंच बाई पायरीवर उभी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आर्डिसच जणू, पन्नाशीतल्या.

मग टोरुननी जे सांगितलं ते त्यांच्या इंग्रजीत थांबत थांबत, पण अगदी स्पष्ट होतं.

गुरी आली तेव्हा फारशी आशा नव्हती. तीन वर्षं पडून होती. मग बरी झाली, जशी त्या काळी काही माणसं होत, का ते कुणाला सांगता येत नसे. बरी झालेली माणसं तिथून पळत सुटत. गुरीनं मात्र काम मागितलं, तेही कुणालाच नको असलेलं, कपडे धुण्याचं. त्या घरात रोग्यांच्या चादरी धुणाऱ्या बायकाच आजारी पडत होत्या. गुरी ब्रुकलिनच्या मोठ्या लाँड्रीत पाच वर्षं राबली होती. वाफ, उकळतं पाणी, मळकं एका दारानं आत आणि स्वच्छ दुसऱ्या दारानं बाहेर, हे सगळं तिनं तिथं पाहिलेलं. तिनं सुताराला बोलावून धुण्याची खोली तोडून तशी बांधून घेतली. त्यानंतर तिथली एकही धुणारी बाई आजारी पडली नाही. चार वर्षांत तिला प्रमुख केलं. नर्सिंगची डिग्री नव्हती. जिल्ह्याच्या डॉक्टरनं लिहून दिलं की मला डिग्री नको, हीच हवी. १९४९ मध्ये ते घर बंद झालं तोवर तिनंच चालवलं.

"आणि पत्रं," टोरुन म्हणाल्या. "पत्रांचं तुम्हाला सांगायलाच हवं."

त्या घरातल्या पुष्कळशा आयांची मुलं दूर गावात असत. मुलांना भेटायला आणत नसत. दर रविवारी जेवण झालं की गुरी कागद वाटायची आणि प्रत्येक आईनं, प्रत्येक बापानं मुलाला पत्र लिहायचं, हा नियमच होता. ज्याला हात उचलवत नसे त्याच्या उशाशी बसून ती स्वतः लिहायची. पण लोक क्षयाच्या घरातून आलेलं पत्र उघडायला भीत. म्हणून ती सगळी पत्रं पावाच्या भट्टीत तापवून काढायची, आणि मग प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहायची: ‘भाजलेलं आहे. निर्धास्त उघडा.’

"माझी आजी तिथं गेली १९२३ मध्ये. माझी आई तेव्हा सात वर्षांची. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. पण तिच्याकडे चौदा पत्रं होती." टोरुननी एक कागद उचलला, कडा तपकिरी झालेल्या. त्या वाचून भाषांतर करत गेल्या. "‘आज तुझ्या आईनं अर्धी वाटी सूप घेतलं. खिडकीतून आम्ही बोटी मोजल्या, सात झाल्या, एकीचं शीड लाल होतं. ती म्हणते, तू केस विंचरताना रडू नकोस, खालच्या टोकापासून विंचर. ती तुला सोडून गेलेली नाही. तू तिच्यापासून सुरक्षित राहावीस म्हणून ती इथं आहे.’ हे शेवटचं वाक्य चौदाही पत्रांत आहे. माझी आई म्हणायची, हे माझ्या आईचं वाक्य नाही, गुरीचं आहे."

आर्डिसनी विचारलं, "तिनं स्वतःच्या मुलाला का नाही लिहिलं?"

टोरुन टेबलावरच्या कागदांकडे वळल्या. "लिहिलं. तिच्या मागं राहिलेली एक पेटी आहे आमच्याकडे. त्यात तीन कागद आहेत, ते मी आज तुमच्यासाठीच बाजूला काढून ठेवलेत."

पहिलं टोर्केलचं पत्र होतं, १९११ चं. ‘बर्ता तुझी पत्रं उघडत नाही, सरळ चुलीत टाकते. तिला दोष देऊ नकोस, ती घाबरते, आणि सेल्मर तिच्याच अंगावर झोपतो. घरमालकाला खोकल्याचं कळलं तर जागा जाईल. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो की तुला इथं करमेना. पोरगा धडधाकट आहे. तू बरी झालीस तरी इथले सरकारी अधिकारी आता तुला उतरू देणार नाहीत, गोदीत मी रोज बघतो, छातीचा आजार निघाला की त्याच बोटीनं परत पाठवतात.’

दुसरं गुरीचं स्वतःचं पत्र, १९१९ मधलं, न उघडलेलं, परत आलेलं. वर इंग्रजीत शिक्का: पत्ता सोडून गेले. टोर्केल आदल्या वर्षीच्या फ्लूच्या साथीत गेला होता आणि बर्ता मुलाला घेऊन एरीला आली होती, हे आर्डिसना माहीत होतं. गुरीला कळायला मार्ग नव्हता.

तिसरं होतं ब्रुकलिनच्या एका नॉर्वेजियन वर्तमानपत्रातलं कात्रण, त्याच वर्षाचं. टोरुननी ते कॅमेऱ्याजवळ धरलं. ‘सेल्मर मोएन, जन्म ब्रुकलिन १९०७, याचा ठावठिकाणा कुणास माहीत असल्यास कृपया कळवावे. त्याची आई जिवंत आहे आणि बरी आहे.’

"ही जाहिरात तिनं सहा वर्षं दिली," टोरुन म्हणाल्या. "दर वर्षी ऑक्टोबरमध्ये."

"एरीला," आर्डिस हळूच म्हणाल्या, "बर्तानं नॉर्वेजियन बोलायचंसुद्धा बंद केलं होतं. वडिलांना अक्षर वाचता येत नव्हतं त्या भाषेतलं." मग विचारलं, "गुरी कधी गेली?"

"१९६१. सत्त्याहत्तराव्या वर्षी. झोपेत."

"मी सोळा वर्षांची होते," आर्डिस म्हणाल्या.

कॉल संपला तेव्हा बाहेर ऊन होतं. मला वाटलं, त्या रडतील. नाही रडल्या. त्यांनी कपबशा उचलल्या, धुतल्या, पुसून फळीवर ठेवल्या. मग कोट घातला आणि म्हणाल्या, "मी जरा गाडी चालवून येते." दोन तासांनी आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा.

"मी एकतीस वर्षं लोकांची मुलं रोज त्यांच्या आईपर्यंत पोचवली," त्या म्हणाल्या. "एवढंच जमत होतं मला. आज वाटलं, हे कुठून आलं असेल."

त्या संध्याकाळी जेवताना मी त्यांना पुण्याच्या नोकरीबद्दल सांगितलं, आणि बाबांच्या त्या वाक्याबद्दलही. उपदेश त्यांच्या स्वभावात नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं नदी आहे?"

"आहे. मोठी आहे. दर काही वर्षांनी गावात शिरते."

"मग त्यांना तू लागणारच," म्हणाल्या आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन लावला आणि बाबांना गुरीची सगळी गोष्ट सांगितली, चौदाव्या ओळीपासून. पलीकडून आईचा आवाज आला, "अगंबाई, सहा वर्षं जाहिरात दिली?" मग बाबांनी घसा साफ केला. "जॉइनिंग कधी आहे म्हणालीस? सांगलीहून पुण्याला सामान न्यायचं तर मला आधी सांग." लोकांचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

मे महिन्यात माझा डिफेन्स, म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा झाली. नंतरच्या शनिवारी आर्डिस म्हणाल्या, "एरीला येतेस?" साडेतीन तासांचा रस्ता, सगळा त्यांनीच चालवला, मला स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. दफनभूमीत सेल्मर मोएन यांचा दगड साधा होता, नाव आणि दोन सालं, १९०७ आणि १९८४. आर्डिस समोर उभ्या राहिल्या आणि खिशातून कात्रणाची प्रिंट काढून मोठ्यानं वाचली, आधी पाठ केलेल्या नॉर्वेजियनमध्ये, मग इंग्रजीत. उच्चार चुकत होते. शेवटचं वाक्य, ‘त्याची आई जिवंत आहे आणि बरी आहे,’ त्यांनी दोनदा म्हटलं.

तिथून आम्ही दगड कोरणाऱ्याकडे गेलो. वडिलांच्या दगडावर एक ओळ घालायची होती: गुरी आणि टोर्केल यांचा मुलगा. त्यानं कागद घेतला. "आडनाव मोएनच ना दोघांचं?"

"त्याचं मोएन. तिचं नील्सडॅटर," आर्डिस म्हणाल्या. "नीट लिहून घ्या, मी स्पेलिंग सांगते."

"आजींना इथंच पुरलंय का?"

"नाही. जिथं तिनं काम केलं, तिथं आहे ती."

जूनमध्ये मी भारतात परतले. पावसाळ्यात आम्ही कृष्णेच्या काठावर गाळाचे नमुने घेत हिंडत होतो, तेव्हा आर्डिसचे मेसेज येत. पासपोर्टचा फोटो आला, ऐंशीव्या वर्षी काढलेला आयुष्यातला पहिला पासपोर्ट. मग विमानतळाचा. मग टोरुनबरोबर त्या जुन्या घराच्या पायरीवर उभ्या असलेल्या आर्डिस, बाह्या दुमडलेल्या.

परत आल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मागं जेवणाचं टेबल दिसत होतं, पुन्हा फायलींनी भरलेलं. टोरुननी त्यांच्याकडे आणखी दोन हरवलेल्या आयांची नावं सोपवली होती, अमेरिकेत मुलं राहून गेलेल्या. तिकडचं काय झालं ते मी विचारलं.

"रविवारी चर्चमध्ये नेलं मला," आर्डिस म्हणाल्या. "मला वाटलं होतं, म्हातारी दहा-बारा माणसं असतील. चर्च भरलेलं! टोरुननी पत्रं मिळालेल्या मुलांच्या मुलानातवंडांना निरोप धाडले होते. कुणी कुणी तर पत्रंही घेऊन आले होते, फ्रेम करून. मला पुढच्या बाकावर बसवलं आणि पाद्री म्हणाले, या गुरीच्या नात. तर सगळे उठून उभे राहिले. सगळे. लहान पोरंसुद्धा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मला काय करावं कळेना," त्या म्हणाल्या. "मग मीही उभी राहिले."